आधी निमित्त, मग खोली

खानदेशातल्या बोदवडात बाहेरून आलेल्या कुणी ‘बायकांचं केंद्र कुठे आहे?’ असं विचारलं, तर कुणी अंगणवाडीकडे बोट दाखवेल, कुणी बचत गटाच्या कार्यालयाकडे, कुणी सरळ पंचायत समितीकडे. सगळीच उत्तरं बरोबर आहेत. गंमत एवढीच, की यांतलं प्रत्येक दार मुळात वेगळ्याच कामासाठी उघडलं. निंदणी-वेचणीच्या मजुरीवर घरं चालवणाऱ्या आणि पिण्याच्या पाण्याची ओढ जुनीच असलेल्या या भागात, बाईने बसावं, बोलावं, अडचण सांगावी एवढ्यासाठी कुणी कधी खोली बांधली नाही. आधी चारचौघांत चालेल असं निमित्त लागलं. खोली मागून आली.

बायकांच्या केंद्रांच्या या घराण्याचा खानदेशातला मूळपुरुष शोधायचा, तर जिनिंगच्या आवारात जावं लागतं. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि बोदवड त्याच मार्गावरचं. रेल्वेमागोमाग खानदेशात कापसाचा व्यापार वाढला, जिनिंगचे कारखाने आले, आणि तिथल्या कामाला मुख्यतः बायका लागल्या. हंगामात त्या किती तास राबत, याच्या साक्षी १८८४-८५ च्या मुंबईच्या फॅक्टरी आयोगापुढे झाल्या. पहाटे सुरू झालेलं काम रात्रीपर्यंत, आणि घाई असली तर सलग रात्रंदिवस. १८९१ च्या कायद्याने बायकांचे तास अकरावर आणले आणि मध्ये दीड तासाची सुट्टी दिली. सुट्टी मिळाली, पण ती घालवायची कुठे? कारखान्यात पन्नासहून जास्त बायका असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवीच, असं म्हणायला १९४८ चा कायदा उजाडावा लागला. म्हणजे कष्टकरी बाईच्या वाट्याला कायद्याने आलेली ही खोलीसुद्धा तिच्या लेकराच्या नावावर होती.

पुण्याकडची शाखा वेगळी. पंडिता रमाबाईंचा आर्य महिला समाज १८८२ चा, रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं सेवासदन १९०९ चं. तिथे निमित्त शिक्षणाचं, परिचारिकेच्या प्रशिक्षणाचं, शिवणाचं. कामं मोठीच झाली. ती शाखा कोरडवाहू खेड्यापर्यंत आली ती मात्र सरकारी जीपमधून. १९५२ मध्ये सामुदायिक विकास योजना सुरू झाली, ग्रामसेविका नेमल्या गेल्या आणि गावोगाव महिला मंडळं उभी राहिली. शिलाई मशीन, लोणची-पापड, स्वच्छ चूल. दुपारी मंडळात यायला सवड कुणाला, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. ज्यांच्या शेतात इतर बायका निंदणीला जात, त्याच घरच्या बायका मंडळात दिसणार हे ओघानेच आलं. महिला मंडळांची थट्टा करायची आपल्याकडे सवय आहे, ती मला पटत नाही. पण मजूर बाई त्यांत बसत नव्हती, हे खरंच.

ती बाई एकत्र आली, पण छप्पर नसलेल्या जागी. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास श्रमिक संघटनेची चळवळ उभी राहिली. जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढणाऱ्या आदिवासी बायका शिबिरांत जमल्या. मजुरीवर बोलता बोलता विषय घरात गेला: मजुरी मिळते तिचं होतं काय? दारू, आणि दारूनंतरचा मार. मग त्याच बायका घोळक्याने गावोगाव निघाल्या, दारूची मडकी फोडली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चावडीवर जाब विचारला. आजची समुपदेशन केंद्रं जे बंद दाराआड करतात, ते इथे भर गावात झालं. तालुक्यातालुक्यात कार्यालयं थाटणाऱ्या कुठल्याही योजनेपेक्षा खानदेशच्या या वंशावळीत मी शहाद्याला वरचं पान देईन.

बोदवड तालुक्याचं स्वतःचं एक मोठं नाव याच सुमाराला पुढे आलं. नाडगावच्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या महिला होमगार्डच्या प्रमुख होत्या, १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबादच्या आमदार, आणि पुढे २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. त्यांच्या पुढाकाराने जळगावात १९७३ मध्ये महिलांची सहकारी बँक निघाली. आर्थिक स्थिती ढासळल्यामुळे २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. बायकांच्या नावाने संस्था काढणं आणि संस्था बायकांच्या हाती असणं यांतलं अंतर जिल्ह्याने असं पाहिलं.

अंगणवाडीचं मूळ खानदेशाबाहेर, पालघरच्या किनाऱ्यावर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची युक्ती. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली, सोबत खाऊ, लसीकरण आणि वजनकाटा आणला. सेविका गावातलीच असल्यामुळे कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणती सून माहेरी गेली ती परतलीच नाही, हे तिला कुठल्याही नोंदवहीआधी कळतं. या ज्ञानाचं मोल सरकार अजून ‘मानधन’ याच नावाने देतं. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

त्याच १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं. खरा पालट झाला तो बचत गटांमुळे. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गट बँकांना जोडायचा प्रयोग केला, २००३ मध्ये राज्याने गटांच्या कामाची सूत्रं माविमकडे दिली आणि २००७ नंतर तेजस्विनी कार्यक्रमात राज्यभर लोकसंचलित साधन केंद्रं उभी राहिली. नाव जड आहे, रचना सोपी. दहा ते वीस बायकांचा गट, दरमहा ठरलेली बचत, त्यातूनच आपसांत कर्ज. अनेक गावांचे गट मिळून एक केंद्र. केंद्राची कार्यकारिणी गटांतल्याच बायकांची. कार्यालय चालवणारी व्यवस्थापक त्यांना उत्तरदायी. आधीच्या पिढ्यांत केंद्र बायकांना बोलवायचं, इथे बायका केंद्र ठेवतात. बैठकीत आधी हप्ते, मग वही, आणि वही मिटल्यावर घरचं. कर्जाच्या कारणांत दवाखाना, बाळंतपण, मुलीची फी असते. गट सगळंच सोडवतो असं मात्र नाही. खासगी मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला दर आठवड्याला दारात येतो, आणि त्याच्या हप्त्यासाठी गटातून कर्ज उचलणाऱ्या बायका थोड्याथोडक्या नाहीत.

निमित्ताशिवाय उघडलेली दारं अगदी अलीकडची. मुंबई पोलिस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला विशेष कक्ष, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, २०१५ पासूनची ‘सखी’ केंद्रं. सखीत वैद्यकीय मदत, वकील, पोलिसांशी संपर्क आणि काही दिवसांचा निवारा एका छताखाली मिळतो. पण ते जिल्ह्याच्या ठिकाणी. बोदवडच्या खेड्यातल्या बाईला जळगावला जायचं तर भाडं हवं, मजुरी बुडवायला हवी, आणि कुठे निघालीस याचं सासूला उत्तर हवं. अंगणवाडीत मात्र ती मुलाला घ्यायला रोजच जाते. म्हणून पहिली बातमी सेविकेला लागते आणि १८१ या महिला हेल्पलाइनवरचा फोनही कित्येकदा तीच लावते, पोषण आहाराचं वाटप उरकून.