आंबिवली

ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील वस्ती व मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील शहाड आणि टिटवाळा यांमधले स्थानक. उत्तरेला काळू, दक्षिणेला मोहोन्याकडे उल्हास नदी. १९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत आंबिवलीसह मोहोने, अटाळी, वडवली ही जुनी गावे येतात. रस्ते, पाणी, कचरा यांसाठी रहिवाशांना ‘अ’ प्रभाग कार्यालय गाठावे लागते. नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. गटार तुंबले तर हक्काने जाब विचारावा असा लोकप्रतिनिधीच नसणे, ही साधी गोष्ट नव्हे.

मूळ वस्ती आगरी, कोळी व आदिवासींची. इराणी समाजाचीही जुनी वस्ती येथे आहे. मोहोन्याच्या नॅशनल रेयॉन (एनआरसी) कारखान्याने राज्यभरातून कामगार आणले. कामगार वसाहत, बाजारपेठ, शाळा या कारखान्याच्याच आधाराने वाढल्या. २००९ मध्ये कारखान्याला टाळे लागले. हजारो कामगारांची देणी थकली, कित्येकांनी हयात त्यांची वाट पाहण्यात घालवली. आता सकाळच्या कसारा लोकलमध्ये कारखान्यातल्या कामगारांची पुढची पिढी मुंबई-ठाण्याच्या नोकरीसाठी उभी राहून प्रवास करते.