नुसते एमबीबीएस : पदवीनंतरच्या बंद दाराचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास

🧵

१/ इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावात एखादी मुलगी एमबीबीएस झाली की पेढे वाटले जातात आणि पेढा तोंडात असतानाच प्रश्न येतो : "मग एमडी कधी?" नीट-पीजीची एक फेरी हुकते, दुसरी हुकते. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता करून मिळवलेल्या पदवीला हळूहळू 'नुसते' हे विशेषण चिकटते. नुसते एमबीबीएस. ही कोंडी आजच्या पिढीला नवी वाटते, परंतु महाराष्ट्रातील वैद्यकीय पदवीइतकीच ती जुनी आहे. पहिल्या तुकडीलाही पदवीनंतरचे दार बंदच मिळाले होते.

२/ मुंबईत पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा पहिला प्रयत्न १८२६ सालचा. डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालील ती देशी वैद्यकशाळा १८३२ मध्ये बंद पडली. पुढे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांनी हा विषय पुन्हा उचलला. १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले. शेजारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेले रुग्णालय होते. प्राचार्य होते चार्ल्स मोरहेड.

३/ १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. विद्यापीठ अजून स्थापन व्हायचे होते, त्यामुळे पदवीचे नावच 'ग्रॅज्युएट ऑफ द ग्रँट मेडिकल कॉलेज' असे होते. नावापुढे जी.जी.एम.सी. लावणाऱ्या त्या मोजक्या तरुणांत भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग तर्खडकर, अनंत चंद्रोबा आणि जुझे कामिलो लिस्बोआ होते. शिक्षण युरोपीय धर्तीचे आणि परीक्षा कडक. सरकारी नोकरीत मात्र त्यांच्यासाठी जागा होती ती सब-असिस्टंट सर्जनची.

४/ या एका शब्दात सगळे आले. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन, मोठ्या रुग्णालयातील मुख्य वैद्य, कॉलेजातील प्राध्यापक ही पदे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी होती. ती सेवा मुळात लष्कराची. शांततेच्या काळात तिचे अधिकारी मुलकी रुग्णालयांत उसने दिले जात आणि युद्ध सुरू झाले की परत बोलावले जात. म्हणजे जिल्ह्याचे रुग्णालय ही सरकारच्या लेखी लष्करी डॉक्टरांची राखीव फळी ठेवण्याची जागा होती. तेथे देशी पदवीधर कायमचा बसवला, तर ती फळी ठेवायची कोठे? वर्णभेद होताच, परंतु त्याला या हिशेबाचे भक्कम कवच होते. म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला.

५/ कायद्याने दार उघडे होते, हेही खरे. १८५५ पासून या सेवेसाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि ती हिंदी उमेदवारांना खुली होती. परीक्षा होई लंडनमध्ये. बोटीचे भाडे, तिकडचा खर्च, समुद्रगमनाचा बहिष्कार आणि एवढे करून निवडीची खात्री नाही. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्यासारखे थोडे त्यातून पार झाले. दुसऱ्या अफगाण युद्धात त्यांनी लष्करी सेवा केली आणि पुढे भारतीय औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. कीर्तिकर अपवाद होते. बाकीच्यांनी काय केले, हा खरा इतिहास आहे.

६/ भाऊ दाजींनी खाजगी व्यवसायाची वाट धरली. आज ही वाट इतकी रुळली आहे की तिच्यातील धाडस जाणवत नाही. १८५१ च्या मुंबईत लोक वैद्य-हकिमांकडे जात आणि युरोपीय डॉक्टर युरोपियनांना व बड्या शेटियांना पाहत. देशी माणसाने देशी रोग्यांना पाश्चात्त्य औषध द्यायचे आणि त्यावर संसार चालवायचा, ही पोटापाण्याची नवीच रीत होती. बंधू नारायण दाजीही ग्रँटचेच पदवीधर. दोघांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. भाऊंनी महारोगावरील देशी औषधाचा ध्यास घेतला, अजिंठ्याचे शिलालेख वाचले आणि दोनदा मुंबईचे शेरीफपद भूषवले. सरकारी रुग्णालयातील एखादी वरची खुर्ची मिळाली असती, तर यातील किती घडले असते? उत्तर देता येत नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

७/ इतरांच्या वाटाही पाहण्यासारख्या आहेत. अनंत चंद्रोबा देवी काढण्याच्या, म्हणजे लसीकरणाच्या खात्यात गेले. आजच्या भाषेत ते सार्वजनिक आरोग्य. आत्माराम पांडुरंगांनी वैद्यकी करत १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतही ते होते. लिस्बोआ वनस्पतिशास्त्राकडे वळले आणि मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींवर त्यांनी प्रमाणभूत लेखन केले. पुढे विद्यापीठ आले, एल.एम. अँड एस. ही पदवी आली आणि १८७६ मध्ये अण्णा मोरेश्वर कुंटे मुंबई विद्यापीठाचे पहिले एम.डी. झाले. 'एमडी कधी?' या प्रश्नाचे आपल्याकडील पहिले उत्तर ते हेच. याच कुंट्यांनी वाग्भटाच्या अष्टांगहृदयाची संपादित आवृत्ती काढली.

८/ दुसरी वाट संस्थानांची. ब्रिटिश मुलखात अडलेल्यांना संस्थानिकांच्या रुग्णालयांत मान मिळे, निदान मिळण्याची शक्यता तरी असे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेऊन निघाल्या, तेव्हा त्यांची नेमणूक झाली होती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर. रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. डॉ. रखमाबाईंचे आयुष्य सुरत आणि राजकोट येथील स्त्रियांच्या दवाखान्यांत गेले. शिक्षणाचे दार उघडायला स्त्रियांना अधिक झगडावे लागले, परंतु पदवीनंतरचे काम त्यांना वाट पाहत होते, कारण पुरुष डॉक्टरला हात लावू न देणाऱ्या बायका हजारोंनी होत्या. बंद दाराच्या या इतिहासातील ही उलटी बाजू आहे.

९/ कोंडीवर आता संघटित बोलणे सुरू झाले होते. १८८३ मध्ये बॉम्बे मेडिकल युनियन स्थापन झाली. १८९० च्या दशकात डॉ. कैखुश्रू बहादुरजी यांनी काँग्रेसच्या व्यासपीठावरून मागणी लावून धरली की मुलकी वैद्यकीय सेवा लष्करापासून वेगळी करा. मुद्दा केवळ पगाराचा नव्हता. ज्याच्या ताब्यात रुग्णालयाच्या खाटा नाहीत, तो शस्त्रक्रियेचा हात बसवणार कोठे? पुस्तक वाचून सर्जन होता येत नाही. रोगी, खाटा आणि वर देखरेख करणारा गुरू या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाव्या लागतात. आजची 'रेसिडेन्सी' म्हणजे दुसरे काय? बहादुरजींना हवे होते ते नेमके तेच.

१०/ उत्तर यायला तीस वर्षे लागली आणि ते सरकारकडून आले नाही. परळला मोठे रुग्णालय बांधण्याचा मुंबई महापालिकेचा बेत होता. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देऊ केली, पण एका अटीवर : अध्यापक सरकारी सेवेत नसलेले, सुशिक्षित हिंदी डॉक्टर असावेत. अट साधी, घाव वर्मी. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय आणि जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झाले. अधिष्ठाता झाले डॉ. जीवराज मेहता, आणि तेही बडोदा संस्थानच्या सेवेतून आलेले. त्याआधी १९२१ मध्ये असहकाराच्या लाटेत भायखळ्याला नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले होते, तेच आजचे नायर. केईएममधील पदव्युत्तर जागेसाठी आज देशभरातील मुले रात्रीचा दिवस करतात. ज्यांना जागा नाकारल्या गेल्या त्यांच्यासाठी ते उभे राहिले होते, हे तेथील कॉरिडॉरमध्ये धावणाऱ्या किती निवासी डॉक्टरांना ठाऊक असेल?

११/ याच महाविद्यालयातून १९३६ च्या सुमारास बाहेर पडलेला एक विद्यार्थी इंदापूरच्या शेजारच्या जिल्ह्यातला, सोलापूरचा. द्वारकानाथ कोटणीस. पुढील परीक्षेची तयारी चालू असताना १९३८ मध्ये काँग्रेसचे वैद्यकीय पथक चीनला जाणार असल्याचे कळले. पाच डॉक्टर निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांची पदव्युत्तर पदवी राहून गेली. शस्त्रक्रियेचा हात बसला तो जपानी आक्रमणाच्या आघाडीवर, जखमींच्या रांगेत. १९४१ मध्ये ते डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. या कथेचा उपयोग आजच्या मुलांना त्यागाचे डोस पाजण्यासाठी करू नये. तिच्यातून एवढेच दिसते की शिकण्याची जागा आणि पदवीची जागा एकच असते असे नाही.

१२/ आतापर्यंतची गोष्ट पदवीधरांची झाली. खेड्यात मात्र पदवीधर फारसा पोचलाच नव्हता. तेथे होते ते 'लायसेन्शिएट'. पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल होते. १९१२ मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था निघाली आणि तिची एल.सी.पी.एस. ही पदविका घेतलेले डॉक्टर तालुक्या-तालुक्यात बसले. जुन्या पिढीतील माणसे आजही "आमच्याकडे एलसीपीएस डॉक्टर होते" असे आदराने सांगतात. कागदावर ही मंडळी दुय्यम. १९३३ च्या कायद्याने मेडिकल कौन्सिल स्थापन झाले, तेव्हा त्याच्या नोंदवहीतूनही त्यांना वगळले गेले.

१३/ १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली गेली. भोर जन्माने नाशिकचे, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९४६ च्या अहवालानुसार देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतील जवळपास ३०,००० लायसेन्शिएट होते. समितीने शिफारस केली की यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचा असावा. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले : एवढी टंचाई असताना छोटा अभ्यासक्रम बंद करू नका. बहुमत टिकले. त्याच वर्षी पुण्याचे बी. जे. स्कूल महाविद्यालय झाले.

१४/ भोर समितीच्या कल्पनेतील हा 'मूलभूत डॉक्टर' म्हणजेच एमबीबीएस. प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणारा, बाळंतपणापासून साथीपर्यंत सगळे पाहणारा, स्वतःच्या पायांवर पूर्ण उभा असलेला डॉक्टर. समितीच्या दृष्टीने तो इमारतीचा पाया होता. पुढच्या काही दशकांत समाजाने त्याची पायरी केली. शहरात रोगी थेट तज्ज्ञाकडे जाऊ लागला, रुग्णालये तज्ज्ञालाच नेमू लागली आणि पदवी ही प्रवेश परीक्षेची पात्रता तेवढी उरली. 'नुसते' हा शब्द जन्मला तो येथे. दोष मुलांच्या महत्त्वाकांक्षेला देणे सोपे आहे. पण पायाची प्रतिष्ठा व्यवस्थेनेच काढून घेतल्यावर पायात कोण राहील?

१५/ जुन्या वाटा नवी नावे घेऊन आजही आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांबाहेरच्या रुग्णालयांत शिकून पदव्युत्तर पात्रता मिळावी म्हणून १९७५ मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाची सुरुवात झाली. त्यातून डीएनबी आले. जी. एस. कॉलेजमागील विचाराचेच ते भावंड. एल.सी.पी.एस. देणारी १९१२ ची संस्था पुढे पदव्युत्तर पदविकांकडे वळली आणि त्यांच्या मान्यतेचे वाद अधूनमधून पेटतच राहिले, तेव्हा प्रवेशाआधी त्या वर्षीची स्थिती पाहणे भाग आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिस गेली, परंतु सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत शॉर्ट सर्व्हिस कमिशन आहे. लंडनच्या परीक्षेऐवजी लोकसेवा आयोगाची कंबाइंड मेडिकल सर्व्हिसेस परीक्षा आहे आणि ती देशातच होते. अनंत चंद्रोबांच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत.

१६/ आणि सरकारी दवाखान्याची वाट. सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या खुर्चीकडे अनेक जण बंधपत्राचे एक वर्ष म्हणून पाहतात : पुस्तके सोबत न्यायची, ओपीडी उरकायची, परीक्षेला बसायचे. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर प्रवेशात स्वतंत्र कोटा ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे. जेथे राज्य हा अधिकार वापरते, तेथे खेड्यात काढलेली वर्षे वाया जात नाहीत. ती तज्ज्ञ होण्याच्या रस्त्यावर मोजली जातात. सब-असिस्टंट सर्जनच्या नशिबी हे नव्हते. त्याची खुर्ची जेथे संपे, तेथे रस्ताही संपे.

१७/ बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. आता पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या गावांतील मुलांना पदवीसाठी पुण्या-मुंबईलाच जावे लागते असे नाही. त्यांतील काही पदव्युत्तर जागा मिळवतील, काही पुन्हा परीक्षेला बसतील, आणि काही जण एखाद्या आरोग्य केंद्रात सोमवारी सकाळी नऊ वाजता केसपेपरांच्या गठ्ठ्यासमोर बसतील. बाहेरच्या बाकावर रांग लागलेली असेल. डॉक्टर एमडी आहेत की नाहीत, हे त्या रांगेतील कोणी विचारणार नाही. विचारतील ते एवढेच : "डॉक्टर आज आले आहेत ना?"