वायूचे पेव

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती. अरुंद तोंडाचे, आत पोट सुटत गेलेले जमिनीखालचे कोठार म्हणजे पेव. २००५च्या महापुरात तिथली बरीच पेवे निकामी झाली. ज्वारीची पेवे तर एके काळी गावोगाव असत. पेव उघडले की कोणी लगेच आत उतरत नसे. तोंड उघडे ठेवून थांबायचे आणि मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर माणसाने उतरायचे नाही, हा जुन्या माणसांचा दंडक. साठवलेले धान्यही श्वास घेते, आतली प्राणवायूची पुंजी संपवते आणि जड कर्बवायू तळाशी साचवते.

आज ज्या पेवाची गोष्ट सांगायची आहे, त्यात धान्य नाही. कंदील विझवणारा तो वायूच तिथे मुद्दाम साठवला आहे. हे पेव अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डिकेटर या गावी आहे आणि तिथला वायू येतो मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यातून.

इथेनॉल आणि कर्बवायू ही जुळी भावंडे आहेत. साखर आंबली की यीस्ट तिचे दोन वाटे करते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कर्बवायू, म्हणजे जवळजवळ निम्मेनिम्मे. एक लिटर इथेनॉल तयार होताना सुमारे पाऊण किलो वायू हवेत जातो. आपल्याला हिशेब राहतो तो पहिल्या भावंडाचा. दुसरे बुडबुडे होऊन निघून जाते.

त्या बुडबुड्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिले ते अठराव्या शतकात. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने चुनखडीत कोंडलेला वायू ओळखला, त्याला ‘बद्ध हवा’ म्हटले आणि आंबवण्यातूनही तोच निघतो हे दाखवून दिले. पुढे १७६७मध्ये जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला गेला. शेजारीच बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपांवर हा वायू थर धरून राहतो आणि त्यात धरलेली पेटती काडी विझते, हे त्याने पाहिले. मग त्याने पाणीच या वायूत घुसळून पाहिले. १७७२मध्ये त्याने ती कृती छापली आणि जगाला सोडावॉटर मिळाले. म्हणजे आंबवणीतला वायू ‘पकडण्याची’ कल्पना अडीचशे वर्षे जुनी आहे. नवीन आहे ते त्याला पुरून ठेवणे.

पुरायचा कशाला? तर कर्बवायूने पृथ्वी तापते म्हणून. नॉर्वेने १९९१मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उद्योगाच्या कर्बवायूवर कर बसवला. नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कर्बवायू हवेत सोडणे महाग पडू लागले, तेव्हा स्लाइपनर या वायुक्षेत्रात १९९६पासून तो समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडायला सुरुवात झाली. वर्षाला सुमारे दहा लाख टन. शहाणपण आधी आले की कर आधी आला, याचे उत्तर इथे सोपे आहे.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे २००५ आणि २००७च्या कायद्यांनी पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळणे बंधनकारक केले आणि इथेनॉलच्या कारखान्यांचे अक्षरशः पेव फुटले. २०००मध्ये वर्षाला सुमारे १६० कोटी गॅलन असलेले उत्पादन २०१०मध्ये १३०० कोटी गॅलनच्या पुढे गेले. वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुरात कर्बवायू असतो दहा-पंधरा टक्के. तो वेगळा करण्यातच सगळा खर्च होतो. आंबवणीच्या टाकीवर मात्र तो जवळजवळ शुद्ध मिळतो. पाणी काढा, दाबा आणि न्या. म्हणून कर्ब पुरण्याचा प्रयोग करायचा तर इथेनॉल कारखान्यात, हे ओघानेच आले.

डिकेटरला आर्चर डॅनियल्स मिडलंड या कंपनीचा मोठा कारखाना आहे. त्याच्याखाली सुमारे दोन किलोमीटरवर माउंट सायमन नावाचा वालुकाश्म आहे, सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत समुद्राहून कितीतरी खारट पाणी भरलेले आहे. ते पिण्याच्या किंवा शेतीच्या उपयोगाचे नाही. वर शेल खडकाचा घट्ट थर, म्हणजे पेवावरचे झाकण. जमिनीखाली सुमारे आठशे मीटरच्या पुढे दाबामुळे हा वायू द्रवासारखा दाट होतो आणि थोड्या जागेत पुष्कळ मावतो. तरी तो खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच असतो आणि वर येऊ पाहतो. म्हणून सगळी भिस्त झाकणावर.

इलिनॉय राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या देखरेखीखाली नोव्हेंबर २०११मध्ये काम सुरू झाले. रोज सुमारे एक हजार टन, अशी तीन वर्षे. २०१४मध्ये थांबले तेव्हा जवळजवळ दहा लाख टन वायू खाली गेला होता. एप्रिल २०१७पासून त्याच आवारात कंपनीचा मोठा प्रकल्प सुरू झाला. सरकारनेही हात सैल सोडला. पुरलेल्या टनामागे २००८मध्ये वीस डॉलरची करसवलत होती, ती २०१८च्या कायद्याने पन्नासवर आणि २०२२च्या कायद्याने पंच्याऐंशीवर नेली.

आणि मग २०२४ उजाडले. पेवावर पाळत ठेवण्यासाठी खोदलेल्या एका निरीक्षण विहिरीतला पोलाद गंजला आणि तिच्यातूनच, सुमारे पाच हजार फूट खोलीवर, वायुमिश्रित खारे पाणी नको त्या थरात शिरले. मार्चमध्ये ही गोष्ट कंपनीच्या लक्षात आली. सर्वसामान्य लोकांना ती कळली सप्टेंबरमध्ये, केंद्रीय पर्यावरण संस्थेने कारवाईची पावले उचलल्यावर. त्याच महिन्यात कंपनीने वायू सोडणे थांबवले. पिण्याचे पाणी बिघडले नाही, असेच सगळ्यांनी सांगितले आणि गळती झाली तीही पाण्याच्या साठ्यांपेक्षा खूप खाली. झाकणाचा खडक फुटला नव्हता. फुटले ते त्याला माणसाने पाडलेले भोक.

पण विश्वास गेला. मध्य इलिनॉयमधले लाखो लोक महोमेट नावाच्या भूजलसाठ्यावर जगतात. ऑगस्ट २०२५मध्ये राज्याने कायदा करून त्या साठ्याच्या टापूत कर्ब पुरायला बंदी केली.

पश्चिमेकडच्या राज्यांत भांडण पेटले ते नळांवरून. आयोवा, नेब्रास्का, दक्षिण डकोटा अशा राज्यांतल्या डझनावारी कारखान्यांचा वायू नळांनी उत्तर डकोटात नेऊन पुरायचा बेत एका कंपनीने २०२१मध्ये मांडला. नळ शेतांतून जाणार. त्याआधी, फेब्रुवारी २०२०मध्ये, मिसिसिपी राज्यात सटार्शिया गावाजवळ तेलविहिरींकडे कर्बवायू नेणारा नळ फुटला होता. मोटारींची इंजिने प्राणवायूअभावी बंद पडली, चाळीसहून अधिक माणसे रुग्णालयात गेली. जीव कोणाचा गेला नाही, पण ती बातमी शेतकरी विसरले नाहीत. ‘माझी जमीन तुम्ही सक्तीने घेणार कशी?’ हा त्यांचा प्रश्न होता. मार्च २०२५मध्ये दक्षिण डकोटाने कर्बवायूच्या नळांसाठी सक्तीने जमीन घ्यायला कायद्याने मनाई केली. याउलट नेब्रास्कात दुसऱ्या एका कंपनीने जुनाच नैसर्गिक वायूचा नळ वापरायचे ठरवले आणि २०२४मध्ये नळविरोधी संघटनेशी आधी करार केला. तो नळ २०२५मध्ये सुरूही झाला.

एक गोष्ट निर्मळ मनाने सांगायला हवी. आंबवणीचा वायू पुरला म्हणजे इथेनॉल शुद्ध झाले असे नव्हे. बॉयलरचा धूर, मक्याला घातलेले खत, नांगरणीचे डिझेल यांचा कर्ब हवेत जातोच. पण जो भाग सहज हाती लागतो, तोही सोडून द्यावा असेही नव्हे.

आपल्याकडे मळीच्या आणि उसाच्या रसाच्या डिस्टिलऱ्यांत हीच जुळी भावंडे जन्म घेतात. काही ठिकाणी हा वायू शीतपेयांसाठी, कोरड्या बर्फासाठी विकला जातो. २०२५मध्ये देशात पेट्रोलमधले इथेनॉल वीस टक्क्यांवर पोहोचले, तेव्हा वायूही वाढला. उद्या इथे कोणी पेव खणायला आले तर? आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी वालुकाश्म नाही, काळा पाषाण आहे. आइसलंडमध्ये २०१२मध्ये तशाच खडकात पाण्यात विरघळवलेला कर्बवायू सोडला आणि त्यातला बहुतेक दोन वर्षांत दगड होऊन बसला. म्हणजे गळायची भीतीच फारशी उरली नाही. पण त्याला टनभर वायूमागे वीस टनांहून अधिक पाणी लागले. ऊस आणि पाणी यांचे भांडण ज्या मुलखात आधीच आहे, तिथे हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

अमेरिकेच्या नियमात वायू सोडणे थांबल्यावरही साधारण पन्नास वर्षे पाळत ठेवायला सांगितले आहे. पन्नास वर्षांत कंपन्या विकल्या जातात, अधिकारी बदलतात. गाव तिथेच राहते. हरिपूरच्या पेवात कंदील सोडणारा माणूस पेवाच्या तोंडाशीच उभा असे आणि कंदील विझला तर ते सगळ्यांना एकदमच दिसे. डिकेटरला कंदील विझला मार्चमध्ये आणि लोकांना समजले सप्टेंबरमध्ये. पुढच्या पेवाचे बोलणे होईल तेव्हा ही दोरी कोणाच्या हातात राहणार, एवढे गावाने आधी विचारून घ्यावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)