मुंबई–अमरावती हवाई अंतर व प्रवासकाल

मुंबई विमानतळ व अमरावतीजवळील बेलोरा विमानतळ यांमधील सर्वांत कमी भूपृष्ठीय अंतर आणि ते विमानाने कापण्यास लागणारा वेळ. हे अंतर दोन्ही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून बृहद्वृत्तावर मोजतात (पहा : बृहद्वृत्त). ते सुमारे ५४० किमी. म्हणजे २९० सागरी मैलांच्या आसपास भरते. १ सागरी मैल १.८५२ किमी.

या मार्गावरील नियमित सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी ‘उडान’ योजनेखाली सुरू झाली (पहा : उडान योजना). अलायन्स एअरचे एटीआर-७२ हे पंख्याचे विमान त्यासाठी योजण्यात आले. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मी. लांब आहे.

या विमानाचा समतल उड्डाणवेग ताशी ५०० किमी.च्या सुमारास असल्याने नुसत्या भागाकाराने प्रवास तासाभराचा ठरतो. वेळापत्रकात मात्र सुमारे पावणेदोन तास धरलेले असतात. वेळापत्रकातील काळ विमान फलाटावरून हलल्यापासून पुन्हा फलाटाला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची चाल, मुंबईतील रांग, चढण, उतरण व वळसे त्यातच येतात. वाऱ्याच्या दिशेनुसार जाण्याचा व येण्याचा वेळ वेगळा पडू शकतो.

लोहमार्गाने मुंबई–अमरावती अंतर सुमारे ६७० किमी. असून या मार्गावरील अंबा एक्सप्रेस या रेल्वेगाडीला रात्रभर लागते.