कोलमडलेल्या आज्ञावलींचे अहवाल आणि त्यांची छाननी

जुन्या दप्तरांच्या अभ्यासकास कागदाच्या दुर्मिळतेची तक्रार नेहमीच असते. मुक्तस्रोत आज्ञावलींच्या इतिहासात मात्र अडचण नेमकी उलट आहे. तेथे कागद अपरंपार असून त्यांतील बहुतेक एकाच घटनेच्या नकला असतात.

३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकाची मूळ संहिता सर्वांस खुली केली. त्याच वर्षी टेरी वाइसमन यांनी रचलेली बगझिला ही दोषनोंदवही वापरात आली. तीत तक्रार माणूस लिहीत असे. आपण काय करीत होतो आणि काय घडले, हे तो आपल्या शब्दांत सांगे. याच सुमारास 'टॉकबॅक' या साधनाने कोसळलेल्या आज्ञावलीलाच आपला वृत्तान्त धाडावयास लावले. गमतीची गोष्ट अशी की, मुक्त संहितेचे दोष गोळा करणारे हे साधन स्वतः मुक्त नव्हते. २००८ मधील फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याची जागा ब्रेकपॅड या मुक्त साधनाने घेतली.

असल्या अहवालात मुख्यतः असते ती कोसळण्याच्या क्षणी चालू असलेल्या कार्यांची उतरंड. सोलापूरच्या वाचकास मागाचे उदाहरण जवळचे वाटेल. स्वयंचलित मागावर ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. धागा कोठे तुटला हे त्यावरून कळते. पण सूत मुळात कच्चे होते की खळ नीट बसली नव्हती, हे कळत नाही. तद्वत् उतरंडीच्या माथ्यावरील कार्य पुष्कळदा निरपराध असते. स्मृतीची नासाडी दुसऱ्याच कोणी आधी करून ठेवलेली असते. तरीही समान माथ्याचे अहवाल एकत्र बांधणे, ही छाननीची पहिली पायरी ठरली. दुसरा मार्गही नव्हता.

नोम प्रकल्पात 'बग बडी'च्या योगाने असे अहवाल थेट बगझिलात येऊ लागले, तेव्हा त्यांचा भार स्वयंसेवकांवर पडला. अनेक अहवालांत कार्यांची नावे नसून केवळ स्मृतीतील पत्ते असत. असा अहवाल म्हणजे तारीख व मायना फाटलेले पत्रच. २००६ मध्ये मार्टिन पिट यांनी उबुंटूसाठी सिद्ध केलेल्या 'अपोर्ट'ने येथे मोठी सुधारणा केली. स्मृतीची प्रत मध्यवर्ती यंत्राकडे जाई, तेथे पत्त्यांना नावे मिळत, द्विरुक्ती शोधली जाई आणि नंतर ती प्रत काढून टाकली जाई. हे शेवटचे काम गौण नव्हे. त्या प्रतीत वापरणाऱ्याचे परवलीचे शब्द आणि खाजगी पत्रेही असू शकतात. म्हणूनच असे अहवाल आरंभी सर्वांस दाखविले जात नसत.

मग कोणता दोष आधी हाती घ्यावयाचा? २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनी सांगितले होते की, सुमारे २० टक्के दोषांमुळे ८० टक्के बिघाड घडतात. मुक्त प्रकल्पांतही संख्येस असेच वजन मिळाले. हा न्याय सोयीचा आहे, निर्दोष नव्हे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदणाऱ्या सोलापुरासारख्या शहरात जोडाक्षरांच्या मांडणीत एखादी आज्ञावली कोसळली, तर तिचे अहवाल इंग्रजी वापरणाऱ्यांच्या तुलनेने मूठभरच भरणार. शिवाय मोजले जातात ते पोहोचलेलेच अहवाल. ज्याच्याकडे जोडणी नाही किंवा ज्याने 'पाठवा' म्हटले नाही, त्याचा बिघाड दप्तरात नाहीच. देवनागरीच्या बाबतीत ही उणीव काही अंशी भरून निघाली ती मोजणीने नव्हे. रेड हॅटच्या पुणे शाखेत 'लोहित' टंककुल सांभाळणाऱ्यांसारखी, ही लिपी स्वतः वाचणारी माणसे कामात होती म्हणून.

२०१७ पासून लिनक्सच्या गाभ्यासाठी चालणाऱ्या 'सिझबॉट'ने तर वापरणाऱ्यालाच वगळले. हे यंत्र स्वतःच विचित्र आज्ञा रचून गाभा कोसळविते आणि जमल्यास तो प्रसंग पुन्हा घडविण्याची कृतीही जोडून देते. अशी कृती असलेला अहवाल शंभर नकलांहून मोलाचा होय. कृती नसलेली आणि बराच काळ पुन्हा न आढळलेली नोंद मात्र यंत्र आपणच बंद करते. तो दोष दुरुस्त झाला की केवळ दिसेनासा झाला, हे त्या नोंदीवरून ठरविता येत नाही.