इंद्रायणीवरील परकी वनस्पती

चऱ्होली बुद्रुक आणि चऱ्होली खुर्द ही दोन गावे इंद्रायणीच्या दोन तीरांवर समोरासमोर वसली आहेत. उन्हाळ्याच्या तोंडी काठावर उभे राहिले असता, मध्ये नदी आहे की कुरण, असा क्षणभर संभ्रम पडतो. पात्र जलपर्णीने झाकून गेलेले असते. तिची फिकट जांभळी फुले दिसावयास मोठी सुरेख. सारा अनर्थ त्या सुरेखपणापासूनच सुरू झाला. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात शोभेकरिता देशोदेशी नेण्यात आली, आणि बंगालमध्ये तर तिने भातखाचरे व जलमार्ग असे ग्रासले की १९३६ साली तिच्याविरुद्ध कायदा करणे भाग पडले.

मायदेशी ती एवढी माजत नाही, कारण तिच्यावरच जगणारे कीटक तेथे आहेत. येथे असा वैरी नाही. उलट शहरांचे सांडपाणी तिला नत्र आणि स्फुरद यांचे भरलेले ताट वाढते. तेव्हा तिला एकटीला दोष देणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

कर्नल साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा कित्येकांची मराठी नावेच त्याने शास्त्रास दिली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीराचे 'खुदरी' हे त्यांतलेच एक. या माशास वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. जलपर्णीच्या छताखाली उजेड पोहोचत नाही. तळचे पाणगवत मरते, कुजते, आणि त्या कुजण्यात उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो. महाशीर येथे कोणाशी झुंजून हरत नाही. त्याच्या पायाखालची, नव्हे परांखालची, भूमीच सरकते. मरळ मात्र वर येऊन हवा घेते व तगते. १९५२ साली भारतात आणलेली आफ्रिकेची चिलापीही अशा पाण्यात निभावते. मादी अंडी तोंडात सांभाळते, मग गाळाचे तिला भय कसले?

१९८० नंतरच्या दशकात जलपर्णी खाणारे भुंगेरे परदेशातून आणून बंगळूरच्या बाजूच्या तलावांत सोडण्यात आले, व तेथे त्यांचा गुणही आला. पण भुंग्यांची संख्या वाढण्यास वर्षे लागतात, आणि तलावाचे पाणी जसे स्थिर, तसे नदीचे नव्हे. पावसाळ्यात इंद्रायणीस पूर येतो, हिरवे कुरण तुटून तुळापुराकडे भीमेत वाहून जाते, आणि चऱ्होलीकरांस पुन्हा पाणी दिसते. बी तेवढे काठच्या चिखलात राहते. ते वीस वर्षांनीही रुजू शकते.