हाय-फाय श्रवण
हाय-फाय श्रवण : मुद्रित नाद घरच्या यंत्रणेवर शक्य तितका अविकृत ऐकण्याची पद्धती. १९२५ चे विद्युत् ध्वनिमुद्रण, १९४८ ची दीर्घवादन तबकडी (पहा : ग्रामोफोन), १९५८ च्या सुमाराची स्टीरिओ तबकडी आणि १९८२ ची सीडी हे तिचे टप्पे. यंत्र महागले की श्रवण सुधारते, हा समज मात्र अपुरा आहे. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या गोंधळातला संबळ (पहा : गोंधळ) त्याची चांगली कसोटी ठरतो. त्याच्या दोन भांड्यांचे नाद निरनिराळे, काठीचा आघात क्षणिक. मुद्रणातच तो बोथट झाला असेल, तर कोणताही अँप्लिफायर तो परत आणत नाही. उघडी फरशी आणि पत्रे असलेल्या खोलीत परावर्तित ध्वनी त्यावर चढतो. म्हणून सतरंजी, जाड पडदे आणि स्पीकरची जागा यांचा विचार आधी करावा लागतो. तबकडीचा नाद सीडीहून ऊबदार असतो, हा आक्षेप नेहमीचा. तो अनुभव खोटा नव्हे. पण सीडीतील सेकंदाला ४४,१०० नमुने माणसाची २०,००० हर्ट्झपर्यंतची श्रवणमर्यादा व्यापतात. तेव्हा ही ऊब बहुधा तबकडीतील सौम्य विकृतीतून व वेगळ्या मास्टरिंगमधून येते. महागड्या केबलींचे दावे तपासताना आवाजाची पातळी समान ठेवून, कोणती केबल जोडली आहे हे श्रोत्याला न सांगता तुलना करतात, कारण किंचित मोठा आवाजही कानाला सरस भासतो.